एका अबोल व्यापाऱ्याचें दप्तर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया हें दक्षिणेकडील एक संस्थान, आणि अटलांटा ही त्याची राजधानी. या शहराच्या एका बाजूस, उंच झाडांच्या सावलींत, एमरी विद्यापीठ वसलेलें आहे. आणि विद्यापीठाचें मुख्य ग्रंथालय १९६९ सालापासून एका दहा मजली इमारतींत आहे. दारावर नांव आहे रॉबर्ट विन्शिप वुडरफ यांचें. पाळण्यांतून अगदीं वरच्या मजल्यावर जावें, तर तेथें हस्तलिखितांचा व दुर्मिळ ग्रंथांचा विभाग लागतो, आणि त्या विभागाच्या ताब्यांत याच वुडरफ यांचीं खाजगी कागदपत्रें आहेत. इमारत ज्याच्या नांवाची त्याचेंच दप्तर इमारतीच्या माथ्यावर, हा योग तसा विशेष नव्हे. विशेष हा कीं, ज्या गृहस्थाच्या नांवानें हें सारें उभें आहे, तो या विद्यालयांत अवघें एक सत्र टिकला, आणि पुढें पंचाण्णव वर्षांच्या आयुष्यांत वाचनाचा त्याला कधींच नाद लागला नाहीं.

ही गोष्ट १९०८ सालची. एमरी विद्यालय तेव्हां ऑक्सफर्ड नांवाच्या, पण जॉर्जियांतल्याच, एका खेड्यांत होतें. तरुण वुडरफ तेथें दाखल झाले आणि पुस्तकांशीं त्यांचें जमेना. सत्र संपल्यावर मुलाला पुन्हां न पाठविणें बरें, अशा अर्थाचा निरोप विद्यालयाच्या प्रमुखांनीं वडिलांस कळविला. वडील अर्नेस्ट वुडरफ हे अटलांट्यांतील बडे पेढीवाले. ट्रस्ट कंपनी ऑफ जॉर्जिया ही पेढी त्यांच्या हातांत. मुलानें घरच्या गादीवर न बसतां ओतकामाच्या कारखान्यांत वाळू उपसण्याची मजुरी पत्करली, आणि कांहीं वर्षांनीं मालमोटारी विकण्याच्या धंद्यांत नांव कमावलें. इकडे १९१९ सालीं वडिलांनीं कांहीं धनिकांना एकत्र करून कँडलर कुटुंबाकडून कोका-कोला कंपनी अडीच कोटि डॉलरांस विकत घेतली. लगोलग साखरेचे भाव कडाडले आणि तितक्याच वेगानें कोसळले. महाग साखर गळ्यांत पडून कंपनी अडचणींत आली. १९२३ सालीं तिचें अध्यक्षपद तेहतीस वर्षांच्या रॉबर्ट वुडरफ यांच्याकडे आलें. १९५५ सालीं ते औपचारिक रीतीनें निवृत्त झाले, पण १९८४ पर्यंत संचालक मंडळावर होतेच. आणि ७ मार्च १९८५ रोजीं त्यांचें निधन झालें. एवढ्या काळांत पांच सेंटांची एक बाटली पृथ्वीच्या बहुतेक देशांत जाऊन पोंचली होती.

अशा माणसाचे कागद एखाद्या विद्यापीठानें जपून कां ठेवावेत, असा प्रश्न सहज मनांत येतो. कवीचीं हस्तलिखितें जपावींत, सेनापतीचीं पत्रें जपावींत. परंतु सरबत विकणाऱ्याचीं बिलें आणि तारा कोणाच्या उपयोगाच्या? अमेरिकेच्या दक्षिण भागांतील विद्वानांनींहि बराच काळ असाच विचार केला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत दक्षिण हरली. अटलांटा शहर तर १८६४ सालीं जळालें. हरलेल्या लोकांना गतवैभवाचा मोठा लळा असतो. त्यामुळें तेथें आधीं गोळा झाले ते जुन्या जमीनदारांचे आणि सेनानींचे कागद. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठांत १९३० सालीं स्थापन झालेला दक्षिणेच्या इतिहासाचा प्रसिद्ध संग्रह मुख्यतः अशाच घराण्यांच्या बाडांवर उभा राहिला. पण जी दक्षिण प्रत्यक्षांत घडत होती, ती कापसाच्या शेतांत कमी आणि पेढ्यांत, गिरण्यांत व बाटल्या भरण्याच्या कारखान्यांत अधिक घडत होती. ती घडविणारे लोक आपले कागद दर दहा वर्षांनीं रद्दींत घालीत. त्यांतून जे वांचले, त्यांचें मोल इतिहासकारांना फार उशिरां कळलें.

खाजगी दप्तर म्हणजे काय, हें आपल्याकडे फारसें समजावून सांगावें लागत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमाल ज्यांनीं एकदां पाहिले आहेत, त्यांना बांधून ठेवलेल्या कागदांचा वास आणि दरारा दोन्ही माहीत आहेत. फरक एवढाच कीं, पेशव्यांचें दप्तर हें राज्याचें दप्तर होतें. वुडरफ यांचें दप्तर एका खाजगी माणसाचें आहे. तें कंपनीचें दप्तरहि नव्हे. कोका-कोला कंपनीचा स्वतःचा दप्तरखाना अटलांट्यांतच आहे, परंतु तो कंपनीच्या मालकीचा. तेथें कोणाला काय दाखवावें हें कंपनी ठरविते. एमरीमधील दप्तर मात्र अभ्यासकांसाठीं आहे. त्यांत पत्रव्यवहार आहे, धंद्याचे कागद आहेत, छायाचित्रें आहेत; आणि मोठ्या माणसाच्या मेजावर रोज जो पालापाचोळा येऊन पडतो, आमंत्रणें, अभिनंदनें, देणग्यांच्या विनंत्या, तोहि अशा संग्रहांत पुष्कळच असतो.

मध्यशतकांतील व्यापाऱ्याचें दप्तर अभ्यासाला इतकें सोयीचें कां, याचें कारण एका क्षुल्लक वस्तूंत आहे. ती वस्तु म्हणजे कार्बन कागद. जुन्या काळीं माणूस पत्र लिही तें दुसऱ्याच्या घरीं जाई. म्हणून कोणाचेंहि जुनें दप्तर उघडलें तर त्यांत त्याला आलेलीं पत्रें सांपडतात, त्यानें लिहिलेलीं सांपडत नाहींत. संवादाची एकच बाजू ऐकूं येते. कोणी फार व्यवस्थित असेल तर तो नकलवहींत नक्कल करून ठेवी. टाइपरायटर आला, त्याबरोबर कार्बन आला, आणि पत्र लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून सहजगत्या दुसरी प्रत निघूं लागली. कांद्याच्या सालीसारख्या झिरझिरीत कागदावरची ती फिकी प्रत आलेल्या पत्रालाच टांचून ठेवीत. सुमारें १९२० ते १९७० या अर्धशतकांत मोठ्या कचेऱ्यांतून जीं दप्तरें तयार झालीं, त्यांत प्रश्न व उत्तर शेजारीं शेजारीं बसलेले असतात. त्यापूर्वीं हें सुख नव्हतें. त्यानंतर टेलिफोन इतका स्वस्त झाला कीं लिहिण्याचें कामच उरलें नाहीं. आणि आतां तर पत्रें यंत्राच्या पोटांत लिहिलीं जातात आणि यंत्राबरोबरच नाहींशीं होतात. थोडक्यांत, वुडरफ यांच्या पिढीचे व्यापारी इतिहासाच्या दृष्टीनें मोठ्या भाग्याच्या वेळीं धंद्यांत होते.

असें दप्तर ग्रंथालयांत आलें म्हणजे पहिला मोह होतो तो तें नीट लावण्याचा. तारखेवार लावावें, विषयवार लावावें, असें कोणाहि टापटिपीच्या माणसाला वाटेल. परंतु दप्तरविद्येचा पहिला नियम असा कीं, मूळ क्रम मोडूं नये. ज्या चिटणीसानें एखादें पत्र ज्या पुडक्यांत घातलें, तें तेथेंच राहूं द्यावें. कारण कोणता कागद कोणाच्या शेजारीं होता हीदेखील एक साक्षच असते. नगराध्यक्षांचें पत्र जर देणग्यांच्या पुडक्यांत सांपडलें, तर त्याचा अर्थ एक होतो. राजकारणाच्या पुडक्यांत सांपडलें, तर दुसरा. दुसरा नियम, एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळूं नयेत, मग विषय एकच असेना का. एमरीच्या संग्रहांत वुडरफ यांचे स्नेही, अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या वृत्तपत्राचे संपादक राल्फ मॅक्गिल यांचीं कागदपत्रें आहेत. अनेक वर्षें नगराध्यक्ष असलेल्या विल्यम हार्ट्सफील्ड यांचींहि आहेत. तीं वेगळींच ठेवावयाचीं. अभ्यासकानें या खोक्यांतून त्या खोक्याकडे जावें, आणि एकाच प्रसंगाबद्दल तिघेजण काय लिहीत होते तें ताडून पाहावें.

बाकीचें काम हमालीचें आणि शिंप्याचें आहे. गंजलेल्या टांचण्या काढावयाच्या. वृत्तपत्रांचीं पिवळीं पडलेलीं कात्रणें शेजारच्या कागदावर डाग पाडतात, म्हणून त्यांच्या प्रती काढून मूळ कात्रणें दूर करावयाचीं. सगळें आम्ल नसलेल्या कागदाच्या वेष्टनांत घालून खोक्यांत भरावयाचें. खोक्यांना क्रमांक, वेष्टनांना क्रमांक, आणि मग एक लांबलचक मार्गदर्शक सूची. मोजमाप पानांनीं करीत नाहींत. फळीवर दप्तर किती फूट जागा अडवितें यावर करतात. वाचनालयांत शाई नेतां येत नाहीं, पेन्सिल चालते. एका वेळीं एकच वेष्टन उघडावयाचें. एखाद्या सोवळ्यांतल्या देवघराप्रमाणें हे नियम पाळले जातात, आणि पहिल्या दिवशीं ते जाचक वाटतात. दुसऱ्या दिवशीं एखादें वेष्टन उलटसुलट झालेलें सांपडलें म्हणजे त्यांचें कारण उमगतें.

आतां, कोका-कोलाच्या धन्याचे कागद म्हटले कीं सामान्य माणसाचें कुतूहल एका गोष्टीकडे धांव घेतें: त्या पेयाचा गुप्त पाठ यांत सांपडतो काय? तो येथें शोधण्यांत अर्थ नाहीं. १९१९ सालीं कंपनी विकत घेण्यासाठीं जें कर्ज काढलें, त्याला तारण म्हणून तो पाठ कागदावर लिहवून न्यूयॉर्कच्या एका पेढींत ठेवण्यांत आला होता. १९२५ सालीं कर्ज फिटल्यावर अर्नेस्ट वुडरफ यांनीं तो अटलांट्याच्या आपल्या पेढींत आणला, आणि २०११ पर्यंत तो तेथल्याच तिजोरींत होता. मग कंपनीनें तो आपल्या पदार्थसंग्रहालयांत नेला. या गुप्ततेचा अनुभव भारतासहि आला आहे. परकी चलनाच्या नव्या कायद्याप्रमाणें परदेशी कंपनीनें आपला भाग चाळीस टक्क्यांवर आणावा आणि तंत्र देशी भागीदारांस द्यावें, असा आग्रह भारत सरकारनें धरला, तेव्हां १९७७ सालीं कंपनीनें गाशा गुंडाळला, पण पाठ दिला नाहीं. जॉर्ज फर्नांडिस तेव्हां उद्योगमंत्री होते. मोकळ्या झालेल्या बाजारांत मुंबईच्या पार्ले कंपनीनें थम्स अप आणलें. आणि १९९३ सालीं परत आलेल्या कोका-कोलानें तेंच विकत घेतलें. वुडरफ १९७७ सालीं सत्याऐंशी वर्षांचे होते आणि संचालक मंडळावर होते.

गुप्त पाठापेक्षां अधिक मोलाची गोष्ट या दप्तरांतून कळते ती ही कीं, हा माणूस आपली सत्ता कशी वापरीत असे. दुसऱ्या महायुद्धाचेंच उदाहरण घ्यावें. अमेरिका युद्धांत उतरतांच वुडरफ यांनीं जाहीर केलें कीं, गणवेश घातलेल्या प्रत्येक माणसाला, तो कोठेंहि असो आणि कंपनीला कितीहि खर्च पडो, बाटली पांच सेंटांतच मिळेल. वाक्य देशभक्तीचें होतें आणि त्यांत हिशेबहि होता. साखरेवर नियंत्रण होतें. सैन्याला पुरविण्याच्या मालास त्यांतून सूट होती. २९ जून १९४३ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील जनरल आयझेनहॉवर यांच्या ठाण्यावरून तार गेली: तीस लाख भरलेल्या बाटल्या आणि दहा कारखान्यांची यंत्रसामुग्री पाठवावी. युद्ध संपेपर्यंत सैन्याच्या मागोमाग असे चौसष्ट कारखाने उभे राहिले. सैन्य परत गेलें, कारखाने राहिले. ज्या देशांत विक्रेता पाठवायला वीस वर्षें लागलीं असतीं, तेथें सरकारी जहाजांनीं यंत्रें नेऊन पोंचविलीं. आयझेनहॉवर आणि वुडरफ यांचा पुढें घनिष्ठ स्नेह जमला. एकाचें दप्तर कॅन्सासमधील अॅबिलीन गांवीं आणि दुसऱ्याचें अटलांट्यांत. दोन्ही मिळून वाचलीं तर सेनापति राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत व्यापारी मित्रांचें वर्तुळ त्याच्याभोंवतीं कसें होतें तें दिसतें. केवळ व्यापाराचा इतिहास म्हणून ज्यांनीं हें दप्तर उघडलें, ते राजकारणाच्या इतिहासांत जाऊन पडतात तें असें.

दुसरें उदाहरण याहून अनपेक्षित आहे. जॉर्जियाच्या नैर्ऋत्य भागांत, बेकर परगण्यांत, वुडरफ यांनीं १९२९ सालीं इचावे नांवाची सुमारें तीस हजार एकरांची जमीन घेतली. उद्देश शिकारीचा. लाव्यासारखे पक्षी तेथें विपुल. पण त्या भागांत हिवतापहि तितकाच विपुल होता, आणि जमिनीवर काम करणारीं कुटुंबें वर्षानुवर्षें थंडी वाजून आणि ताप येऊन खचत होतीं. धन्यानें आधीं कोयनेल वांटलें. मग त्याला कळून आलें कीं, कोयनेल वांटून हिवताप हटत नाहीं. डांस कोठें वाढतात, कोणाला केव्हां चावतात, याचा शोध घेतला पाहिजे. १९३९ सालीं त्याच जमिनीवर एमरी विद्यापीठाचें हिवतापाच्या अभ्यासाचें केंद्र निघालें. युद्धकाळांत दक्षिणेकडील लष्करी छावण्यांभोंवतींचा हिवताप काबूंत ठेवण्यासाठीं सरकारनें जें खातें अटलांट्यांत उघडलें होतें, त्यांतून १९४६ सालीं सांसर्गिक रोगांचें राष्ट्रीय केंद्र जन्माला आलें. आणि पुढच्या वर्षीं एमरी विद्यापीठाशेजारची पंधरा एकर जागा त्याला नाममात्र दहा डॉलरांत मिळाली. वुडरफ यांचा पाठिंबा त्यामागें होता, असें त्या संस्थेनें स्वतःच आपल्या इतिहासांत नमूद केलें आहे. रोगनियंत्रणाची ती संस्था आज जगप्रसिद्ध आहे. एका शिकाऱ्याच्या जमिनीवरच्या डासांपासून ती तेथवर पोंचते, हा धागा सरकारी दप्तरांत एकट्यानें सांपडला नसता. त्याचें एक टोंक खाजगी कागदांतच राहतें.

वुडरफ यांना प्रसिद्धीचा तिटकारा होता. अटलांट्यांत कोणत्याहि संस्थेला अनामिक दात्याकडून मोठी रक्कम आली कीं लोक काय तें समजत. वृत्तपत्रें त्यांना अनामिक गृहस्थ असेंच म्हणत. १९३७ सालीं त्यांनीं दानासाठीं एक निधि स्थापन केला, त्याला नांव दिलें ट्रेबॉर. रॉबर्ट हें नांव रोमन अक्षरांत उलटें लिहिलें कीं ट्रेबॉर होतें. एवढाच काय तो त्यांतला विनोद. त्याच वर्षीं एमरीमध्यें कर्करोगावरील उपचारांचें केंद्र त्यांनीं काढविलें आणि त्याला नांव दिलें आजोबांचें, विन्शिप. १९७९ सालीं आईवडिलांच्या नांवें असलेल्या निधींतून वुडरफ बंधूंनीं एमरीला साडेदहा कोटि डॉलर दिले. तोंपर्यंत अमेरिकेंत कोणत्याहि शिक्षणसंस्थेला एकरकमी इतकी देणगी मिळालेली नव्हती, आणि तिचें मूल्य होतें कोका-कोलाच्या भागांत. ज्या विद्यालयानें एका सत्रानंतर निरोप दिला, त्याचा असा सूड क्वचितच कोणी घेतला असेल.

पण नांव लपविणाऱ्याचें दप्तर ही एक विसंगतीच आहे. देणगी अनामिक ठेवतां येते. तिच्यामागचीं पत्रें अनामिक राहत नाहींत. कोणी मागितलें, कितीदां मागितलें, कोणाला नकार मिळाला, हें कागदावर उतरतें. फ्रेडरिक अॅलन यांनीं १९९४ सालीं कंपनीचा जो इतिहास लिहिला, तो या दप्तराच्या आधारानेंच इतका बारकाईनें लिहितां आला. या कागदांवर चाळण कोणी मारली, आणि काय वगळलें, हा प्रश्न मात्र दप्तरांच्या बाबतींत नेहमींच विचारावा लागतो. आपल्या हयातींत तोंड बंद ठेवणारा माणूस मरणोत्तर सगळें बोलेल असें मानणें भाबडेपणाचें ठरेल.

ही शंका सर्वांत अधिक टोंचते ती वर्णभेदाच्या प्रश्नीं. मध्यशतकांतील दक्षिणेंत कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या शाळेंत, हॉटेलांत, बसच्या पुढल्या बांकावर जागा नव्हती. एमरी विद्यापीठाचीं दारेंहि त्यांना १९६२ च्या न्यायालयीन निकालानंतरच उघडलीं. वुडरफ यांनीं या व्यवस्थेविरुद्ध कधीं व्यासपीठावरून भाषण केलें नाहीं. परंतु शहरांत दंगे झाले, शाळा बंद पडल्या, तर धंदा बुडेल हें त्यांना पक्कें कळत होतें. द्वेष करायला फुरसत नसलेलें शहर, असें अटलांट्याचें वर्णन नगराध्यक्ष हार्ट्सफील्ड करीत. आणि हार्ट्सफील्ड मोठा निर्णय घेण्यापूर्वीं वुडरफ यांचा सल्ला घेतात, हें शहरांत कोणाला नवें नव्हतें. लोकांनीं निवडलेला नगराध्यक्ष न निवडलेल्या माणसाला विचारून चालतो, ही गोष्ट चांगली कीं वाईट, याचें उत्तर निर्णय कोणता झाला यावरून द्यायची संवय इतिहासकारांना लागली आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

१९६४ सालीं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. ते अटलांट्याचेच. शहरानें सत्कार करावा असें संपादक मॅक्गिल, मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष बेंजामिन मेज, एक ज्यू धर्मगुरु आणि एक कॅथलिक आर्चबिशप यांनीं ठरविलें. गोऱ्या व्यापाऱ्यांनीं तिकिटें घ्यायला टाळाटाळ केली. तेव्हां नगराध्यक्ष आयव्हन अॅलन आणि कोका-कोलाचे अध्यक्ष पॉल ऑस्टिन यांनीं शहरांतल्या प्रमुख धंदेवाल्यांना बोलावलें. आमच्या कंपनीचें या शहरावांचून अडत नाहीं. शहराचें कंपनीवांचून अडतें कीं नाहीं तें शहरानें ठरवावें, अशा आशयाचें ऑस्टिन बोलले, असें किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग सांगत. या बोलण्यामागें वुडरफ यांची संमति होती, हें त्या खोलींत कोणाला सांगावें लागलें नाहीं. २७ जानेवारी १९६५ च्या रात्रीं डिंकलर प्लाझा हॉटेलांत सुमारें दीड हजार माणसें, काळीं आणि गोरीं, एका दालनांत जेवलीं.

तीन वर्षांनीं, ४ एप्रिल १९६८ रोजीं, मेम्फिस शहरीं डॉ. किंग यांचा खून झाला. वुडरफ त्या संध्याकाळीं वॉशिंग्टनला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या भेटीस गेलेले होते. तेथून त्यांनीं नगराध्यक्ष अॅलन यांना टेलिफोन केला: किंग यांचा देह घरीं येईल, साऱ्या जगाची दृष्टि अटलांट्यावर राहील; करावें लागेल तें सर्व करा, शहराला खर्च झेपला नाहीं तर उरलेला मी देईन. देशांतील शंभरांहून अधिक शहरांत त्या आठवड्यांत दंगे उसळले. ९ एप्रिलची अंत्ययात्रा अटलांट्याच्या रस्त्यांवरून शांतपणें गेली.

वुडरफ यांच्या चरित्रांत हा प्रसंग हमखास सांगितला जातो, आणि तो आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः अॅलन यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवला म्हणून. टेलिफोनला कार्बनची प्रत नसते. ज्या माणसाचा सारा कारभार सूचना, मौन आणि टेलिफोन यांवर चालला, त्याचे महत्त्वाचे निर्णय त्याच्या दप्तरांतून सुटून जातात आणि जेवणाच्या आमंत्रणांचीं उत्तरें तेवढीं तारखेसह शिल्लक राहतात. म्हणून असलें दप्तर वाचतांना जुन्या सावकाराच्या वहीप्रमाणें वाचावें लागतें. जमेची बाजू दिसते, पण कांहीं रकमा तोंडींच दिल्या-घेतल्या गेल्या आहेत हें धरून चालावें लागतें.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. अशा दप्तरांत पत्रें लिहिणारे आणि पत्रें मिळणारे एकाच थराचे असतात: संचालक, सेनापति, संपादक, डॉक्टर. जमिनीवर राबणारीं, स्वयंपाक करणारीं, मोटार चालविणारीं कृष्णवर्णीय माणसें पगारपत्रकांत आणि डॉक्टरच्या बिलांत येतात, पत्रलेखक म्हणून क्वचितच. इचावेच्या कोयनेलाची कथा देणाऱ्याच्या बाजूनें कळते. घेणाऱ्याला ती कशी वाटली, याचें पुडकें कोणीं बांधून ठेवलें नाहीं. पगारपत्रकांतील ओळींवरून एखाद्या कुटुंबाचीं चाळीस वर्षें जुळवीत बसण्याचें किचकट काम तेवढें हातीं उरतें.

डॉ. किंग यांच्या कागदपत्रांची मात्र कथा निराळी झाली. २००६ सालीं न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध लिलावघरांत त्यांच्या हस्ताक्षरांतील प्रवचनें, पत्रें आणि टिपणें, मिळून सुमारें दहा हजार नग, विक्रीस निघाले. अटलांट्याच्या तेव्हांच्या नगराध्यक्षा शर्ली फ्रँकलिन यांनीं शहरांतील धनिकांना आणि संस्थांना एकत्र केलें, आणि लिलाव होण्यापूर्वींच तीन कोटि वीस लाख डॉलरांस तीं विकत घेतलीं. मालकी गेली मोरहाउस महाविद्यालयाकडे, जेथून किंग १९४८ सालीं पदवीधर झाले होते. ठेवलीं गेलीं तीं शहराच्या दुसऱ्या बाजूस, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनीं मिळून चालविलेल्या सामाईक ग्रंथालयांत. १९८२ सालीं उघडलेल्या त्या ग्रंथालयाचेंहि नांव रॉबर्ट डब्ल्यू. वुडरफ ग्रंथालय असेंच आहे. आणि १९६५ च्या त्या भोजनाच्या दोन्ही बाजू ज्याला वाचावयाच्या असतील, त्याला एकाच नांवाचीं हीं दोन दारें उघडावीं लागतात.